चिकटीचे हात

चेंडू एकदा ग्लोव्ह्जमध्ये गेला की सुटायचा नाही, म्हणून तिला सगळे चिकटी म्हणत. नाव तिला फारसं आवडत नव्हतं. पण ते मास्तरांनी ठेवलं होतं, आणि मास्तरांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर तिने फक्त, पॅड बांधून मारू की तशीच, एवढंच विचारलं असतं.

मास्तर म्हणजे कुणी मोठे कोच नव्हेत. दिवसा लोकांचे पंखे नि मिक्सर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर वस्तीतल्या पोरापोरींना फुकट क्रिकेट शिकवायचे. चिकटी नऊ वर्षांची असताना त्यांच्या हाताखाली आली. टाकीच्या भिंतीवर ओला टेनिस बॉल आपटून ते तिला रोज शंभर झेल घ्यायला लावत. मग तिला स्टंपांमागे बसवून स्वतः बॅट घेत, पुढ्यातला चेंडू मुद्दाम हुकवत आणि बजावत, बॅटकडे बघायचं नाही, टप्पा पडेपर्यंत उठायचं नाही. सहा वर्षं तिने हेच केलं. गुडघे सोलले, बोटं सुजली, पण तक्रार म्हणून नाही.

मास्तरांची मुलगी फिरकी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ती लेगस्पिन टाकायची. तिचा चेंडू कुठे वळेल हे तिचं तिलाही ठाऊक नसे. चिकटीला ठाऊक असे. दुसरं कुणी मागे उभं राहिलं की निम्मे चेंडू सीमेपार जात आणि फिरकी रडकुंडीला येई. दोघींची गट्टी होती आणि मास्तर म्हणायचे, मला दोन मुली आहेत. चिकटीला ते खरं वाटायचं.

यंदा सोळा वर्षांखालच्या मुलींसाठी मोठं शिबिर होतं. तिथून थेट संघात निवड. चिकटीचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय निघून जाणार. शिबिरात उतरायचं तर आपल्या कोचने लिहिलेलं पत्र लागतं, खेळाडूची तयारी कशी आहे, अंगाने ठीक आहे की नाही, ते सांगणारं. मास्तरांच्या क्लबची रीत अशी की हे पाकीट बंद करून खेळाडूच्याच हाती द्यायचं आणि खेळाडूने ते उघडायचं नाही. तिच्याआधीच्या तिघांनी तसंच नेलं होतं. चिकटीनेही नेलं. बसमध्ये ते चुरगळू नये म्हणून वहीत ठेवलं आणि वही मांडीवर.

निवड करणाऱ्या बाईंनी पत्र वाचलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. मास्तरांनी लिहिलं होतं की मुलीचा गुडघा दुखावलेला आहे, निदान वर्षभर विश्रांती हवी. चिकटीने तिथल्या तिथे वीस उठाबशा काढल्या. बाईंना कीव आली असावी, पण त्या म्हणाल्या की कोचने असं लिहून दिल्यावर तिला मैदानात उतरवणं त्यांच्या हातात नाही. जिने आपल्याच हाताने आपल्या गळ्यावरची सुरी पोचवली, तिने रडावं तरी कुणाच्या नावाने?

ती घरी न जाता सरळ मास्तरांच्या दुकानात गेली. ते एका मिक्सरचं बूड उघडून बसले होते. तिला पाहून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाले, खूप बोलले. पुढच्या रविवारी, शिबिर चालू असतानाच, वस्तीच्या स्पर्धेची फायनल आहे, ती बघायला निवड करणारे येणार आहेत, फिरकीला मागे कुणीतरी लागतंच, ती लहान आहे, तिला एकदा उभं करू दे.

"आणि माझं काय, मास्तर?"

"तू गुणी आहेस. तू पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी माझं वय चालणार नाही. फॉर्मवर माझी जन्मतारीख तुम्हीच लिहिलीत."

मास्तरांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला. ते विसरले असते तर तिने माफ केलं असतं. पण ते विसरले नव्हते.

आई इस्त्री करता करता म्हणाली, कुंपणानेच शेत खाल्लं, आता त्या मैदानाचं तोंड बघू नकोस. पण रविवारी सकाळी फिरकी दारात आली, हिरमुसलेली, काही ठाऊक नसलेली, आणि म्हणाली की तू नसलीस तर मी टाकतच नाही. चिकटीने किट उचललं. मनाशी तिने पक्कं ठरवलं होतं. ऐन वेळी चेंडू सोडायचा. मास्तरांच्या डोळ्यांदेखत सोडायचा.

ऐन वेळ शेवटच्या षटकात आली. समोरच्यांना दोन धावा हव्या होत्या, शेवटची जोडी, चेंडू फिरकीच्या हातात. निवडीसाठी आलेल्या बाई, शिबिरातल्या नव्हेत, दुसऱ्याच, खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. फलंदाज पुढे धावली, चुकली. चिकटीने ठरवल्याप्रमाणे हात मागे घ्यायचे होते. पण टप्पा पडला, ती उठली, चेंडू ग्लोव्ह्जमध्ये आला आणि बेल्स उडाल्यादेखील. तिला कळलं तेव्हा पंचांचं बोट वर गेलेलं होतं.

पोरी फिरकीवर कोसळल्या. बाई वहीत काहीतरी लिहू लागल्या, फिरकीकडे बघत. चिकटी स्टंपांपाशी उभी राहून आपल्या हातांकडे बघत होती. निदान हे तरी आपले आहेत असं तिला आठवडाभर वाटलं होतं.

मास्तर धापा टाकत आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिचं डोकं जवळ ओढून कानाशी म्हटलं, "बघितलंस? म्हणून तर तुला जाऊ दिलं नाही."

आपण तिचं कौतुक करतोय असंच त्यांना वाटत होतं.