विरुद्ध पक्ष क्रमांक दोन

रहेमतुल्ला खटला जिंकला आणि तिथंच त्याचं घोडं अडलं. हरला असता तर त्याला अपील तरी करता आलं असतं. जिंकलेल्या माणसाला वरच्या कोर्टात जायला रस्ताच नसतो, हे बुलढाण्याच्या हिंमतराव वकिलांनी त्याला दहादा समजावून सांगितलं होतं, आणि दहाही वेळा त्याचं डोकं फिरलं होतं. तुमचं फिरलं नसतं?

सुलतानपूरच्या स्टँडजवळ रहेमतुल्लाचं कृषी केंद्र. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकान बापाच्या वेळचं, आणि बापाची शिकवण एकच, की गिऱ्हाईक परत आलं पाहिजे, भांडायला नाही, घ्यायला. गुलाबराव हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शेजारच्या वाडीवर चांगली काळी जमीन, पोरगा चंद्रशेखर हिवरा आश्रमला मास्तर, घरी खाऊनपिऊन सुखी. दुकानात आला की गुलाबराव म्हणायचा "जयभीम, भाई," आणि रहेमतुल्ला "जयभीम, ये" म्हणत पोत्यावरची धूळ झटकून त्याला बसायला जागा करायचा. खुर्ची होती दुकानात, पण गुलाबराव पोत्यावरच बसे.

बीटी कापूस नवा नवा आला ते दिवस. या पऱ्हाटीला बोंडअळी लागतच नाही म्हणून लोक दुकानापुढं रांगा लावत होते. गुलाबरावानंही एका कंपनीचं बी रहेमतुल्लाकडून नेलं. पऱ्हाटी वाढली कमरेएवढी, बोंडंही धरली, आणि दिवाळीच्या आतच अळीनं असा धुमाकूळ घातला की बोंड फोडावं तर आत कापसाऐवजी किडकी कवडी आणि तिच्यात ती हिरवी बया लोळत पडलेली. शेजाऱ्यानं दुसऱ्या कंपनीचं बी लावलं होतं, त्याचं शेत पांढरंफेक. कंपनीचा माणूस आला, यंदा हवा ढगाळ होती म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

गुलाबराव ग्राहक मंचात गेला. हिंमतराव वकील म्हणाले, कंपनीबरोबर दुकानदारालाही पक्ष करावं लागतं, तशी रीतच आहे. म्हणजे कंपनी विरुद्ध पक्ष क्रमांक एक आणि रहेमतुल्ला विरुद्ध पक्ष क्रमांक दोन. हे सांगायला गुलाबराव दुकानात आला तेव्हा त्याची मान वर होईना.

"अबे, कर ना मले पक्ष," रहेमतुल्ला म्हणाला. "मी काय घरी बी बनवून राह्यलो? जे आलं ते इकलं. मले बी पाह्यचं हाय कोणाचं पाप हाय ते."

तारखेला दोघं एकाच एस्टीनं बुलढाण्याला जायचे. गुलाबरावाच्या बायकोची, जनकाबाईची, भाकरी आणि ठेचा रहेमतुल्ला खाई, रहेमतुल्लाच्या बायकोनं, गुलनारनं, दिलेली खिचडी गुलाबराव खाई, आणि मंचाच्या दारात पोचलं की एक इकडच्या बाकावर, दुसरा तिकडच्या. तिथला शिपाई म्हणे, अशी दुश्मनी सगळ्यांना मिळो.

आता त्या पुडीचं सांगतो, कारण सगळा घात तिनं केला. बीटीच्या पिशवीत तेव्हा साध्या सरकीची एक छोटी पुडी यायची. ही नॉन-बीटी शेताच्या कडेनं पेरा म्हणून छापलेलं असायचं, म्हणजे अळीला खायला काहीतरी राहील आणि ती बीटीला सरावणार नाही. आता अळीला जेवू घालायला आपली जागा कोण देतो? लोक ती पुडी उकिरड्यावर फेकत, नाहीतर ढोरापुढं टाकत. गुलाबरावाची घरातल्या फळीवर तशीच पडून होती. चौकशी समिती शेतावर आली आणि म्हणाली, शिल्लक बी द्या, तपासायला पाठवू. पेरलेलं बी शिल्लक कुठून राहील? पण गुलाबराव मोठ्या आनंदानं घरी पळाला आणि ती पुडी घेऊन आला. तीच कंपनी, त्याच पिशवीतली. साहेबानं तिला मोहर लावली, सगळ्यांनी सह्या केल्या, रहेमतुल्लानंही केली. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की यात बीटी नाहीच. मंच म्हणाला कंपनी दोषी, दुकानदार निर्दोष. कंपनी नागपूरला राज्य आयोगात गेली, तिथंही तेच. गुलाबरावाला भरपाई मिळाली, त्यानं पेढे वाटले आणि पहिला पेढा रहेमतुल्लाच्या तोंडात कोंबला.

मग कंपनी दिल्लीला राष्ट्रीय आयोगात गेली, आणि तिच्या मोठ्या वकिलानं त्या पुडीचं शेपूट बरोबर धरलं. साध्या सरकीत बीटी सापडेल कशी, साहेब? झालं. सगळा निकाल उलटा. तक्रार दोघांविरुद्धही फेटाळली. म्हणजे रहेमतुल्ला जिंकलाच की. पण निकालात आयोगानं जाता जाता लिहून ठेवलं, की कंपनीतून बी चांगलंच निघालं होतं, आणि शेतातल्या बियाण्यात काही दोष असलाच तर विक्रेत्याच्या स्तरावर भेसळ झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

शक्यता नाकारता येत नाही. कोणाची येते, सांगा बरं? उद्या मी तुमच्या घरी चहा प्यायलो आणि तुमची वाटी हरवली, तर माझीही शक्यता नाकारता येत नाही.

पण पेपरवाल्यानं नेमकं तेवढंच उचललं. तालुक्याच्या पानावर मोठ्या अक्षरात 'विक्रेत्याकडे भेसळीची शक्यता', खाली सुलतानपूरचं नाव. दुसऱ्या दिवशी कडूबा नावाचं जुनं गिऱ्हाईक आलं. त्यानं बियाण्याची पिशवी हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, मोहर खरवडून पाहिली आणि मग म्हणाला, "द्या." तोंडानं एक शब्द वावगा नाही. रहेमतुल्लाला वाटलं याच्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग दुसरा, मग तिसरा. हळूहळू सगळा गावच अंगठा फिरवायला लागला.

"लोकं विसरतीन," गुलनार म्हणायची. "तुमी कायले जिवाले लावून घेता?"

"माह्या बापाचं दुकान हाय ते, गुलनार. त्याच्या टायमाले लोकं डोळे मिटून पिशवी नेत."

विसरले मात्र नाहीत. अंगठा न फिरवणारा एकटा गुलाबराव उरला. तो यायचा, गप्पा मारायचा, पिशवी न बघता काखेत मारायचा आणि निघायचा. तेवढ्यावर रहेमतुल्लाचा आठवडा चांगला जायचा.

तो हिंमतरावांकडे खेपा घालायला लागला. "साहेब, मले ते वाक्य काढून पाह्यजे."

"अहो रहेमतभाई, अपील निकालाविरुद्ध असतं. तुमच्याविरुद्ध निकालच नाही. तुम्ही जिंकलात."

"अशा जिंकण्याले काय चाटू?"

हिंमतराव हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. म्हणाले, स्वतंत्र अर्ज टाकता येईल, पण त्याला कोण विचारतो. गुलाबराव सुप्रीम कोर्टात जाणारच आहेत, त्यांना उचललेली भरपाई परत जायची धास्ती आहे. त्यांच्याच अपिलात तुमच्या वाक्याचंही घालू. आणि घातलंही. गुलाबरावानं दुकानातल्या त्याच पोत्यावर बसून रहेमतुल्लाचा हात धरला होता. "भाई, माह्यं जे व्हायचं ते होवो. तुह्यं वाक्य पुसल्याबिगर मी दिल्ली सोडत नाई."

पुढं किती वर्षं गेली ते विचारू नका. अळी हिरवीची गुलाबी झाली, बीटीलाही भीक घालेनाशी झाली, लोक कापूस सोडून सोयाबीनकडे वळले, रहेमतुल्लाच्या पोरीचं, अदीबाचं, लग्न झालं, आणि अपील आपलं दिल्लीत पडून होतं. तारीख लागायची, आणि दिल्लीच्या वकिलाचा निरोप यायचा की आज नंबर आला नाही. रहेमतुल्ला फोन ठेवायचा आणि त्या दिवशी जे गिऱ्हाईक येईल त्याच्यावर खेकसायचा. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

शेवटी एकदा पक्की तारीख आली. दोघांनी जालन्याहून दिल्लीची गाडी धरली. नेहमीसारखेच दोन डबे, एकमेकांचे खाल्ले. कोर्टाच्या आवारात पास काढला, खिसे तपासून घेतले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या वकिलानं सांगितलं होतं की हाक आली की मागं उभे राहा, बोलायचं काही नाही.

हाक आली. रहेमतुल्लाला इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसांचे चेहरे कळत होते, दुकानदार होता तो. न्यायमूर्तींनी काहीतरी विचारलं. कंपनीचा वकील हसून, मान लववून काहीतरी बोलला. न्यायमूर्तींचा चेहरा सैल झाला. मग त्यांचा स्वतःचा वकील मागं वळला आणि गुलाबरावाजवळ येऊन हळूच म्हणाला, "कंपनी पैसा वापस नहीं माँग रही. बस, क़ानून का सवाल खुला रखना है. मामला यहीं ख़त्म कर दें? ठीक है?"

रहेमतुल्लानं गुलाबरावाकडे पाहिलं. आता बोलेल, आता म्हणेल की साहेब, ते वाक्य.

गुलाबरावानं मान डोलावली.

वकील पुढं गेला, दोन शब्द बोलला, न्यायमूर्तींनी पुढचा कागद ओढला. रहेमतुल्लाचा हात आपोआप वर गेला. कडेच्या शिपायानं डोळे वटारून तो खाली करायची खूण केली, आणि पुढच्या खटल्याचे वकील त्यांना ढकलून आत घुसले. एवढ्या वर्षांचं जे काही होतं ते, बाजारात कांद्याचा भाव विचारायला लागतो तेवढ्या वेळात आटोपलं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं वकिलाला गाठलं. "साहब, वो लाइन का क्या हुआ?"

"कौन-सी लाइन?"

"दुकानदार वाली. मिलावट वाली."

वकिलानं घड्याळ पाहिलं. "आप दो नंबर हैं ना? आपके ख़िलाफ़ तो कुछ है ही नहीं. घर जाइए, आराम से." आणि काळा कोट गर्दीत दिसेनासा झाला.

परतीच्या गाडीत रहेमतुल्लानं डबा उघडला नाही. गुलाबराव समोर बसून खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "भाई, चार बोटं बी जागा नव्हती तिथं. मी घाबरलो. माह्या चंदू मास्तरनं सांगतलं होतं, पैसा वापस मागत नसतीन तं जास्त बोलू नका."

"तू बोलला होता, वाक्य पुसल्याबिगर येत नाई."

"हाव, बोललो होतो."

"मंग?"

"मंग काय. मानच हालली बे. मले वाटलं, तुह्यं तं काही जात नाई. तू तं निर्दोषच हायस ना."

रहेमतुल्लाला असं वाटलं की याला इथंच उतरवून द्यावं, कोणत्याही स्टेशनावर. त्याला रडूही येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. ज्याच्यासाठी तो विरुद्ध पक्ष झाला होता, त्याच्याच मानेनं त्याचा निकाल लावला होता. मोठ्या कोर्टानं तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. कंपनीवर डाग नाही, गुलाबरावाला परतफेड नाही, कायद्याचा प्रश्न खुला, आणि राष्ट्रीय आयोगाचं ते वाक्य आपल्या जागी जसंच्या तसं. त्याच्या वर आता कोर्टच नव्हतं.

"डबा खा," गुलाबराव म्हणाला.

"तूच खाय."

त्यानंतर बरेच दिवस गुलाबराव दुकानाकडे फिरकला नाही. जनकाबाई एकदा गुलनारकडे येऊन रडून गेली, तेवढंच. जूनमध्ये पेरणीची धांदल सुरू झाली आणि एका दुपारी दारात आवाज आला, "जयभीम, भाई."

रहेमतुल्लानं मान वर केली. मनात नव्हतं, पण तोंडातून जुनंच निघालं. "जयभीम. ये." पोत्यावरची धूळही झटकली गेली. राग अजून होता, पण माणूस दारात आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सगळ्या पंचक्रोशीत न तपासता पिशवी नेणारा हा एक तरी आहे, ही गोष्ट त्याच्याकडे अजून शिल्लक होती. मनातल्या मनात त्यानं अर्धं माफही करून टाकलं.

"सोयाबीन देऊ?"

"नाई, थोडी पऱ्हाटी लावतो म्हतलं यंदा. बांधाकडच्या वावरात."

रहेमतुल्लानं फळीवरून पिशवी काढून पुढं ठेवली. गुलाबरावानं ती उचलली. ती काखेत गेली नाही. त्यानं ती उलटी केली, शिवणीवर अंगठा ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत नेला. मोहरेपाशी अंगठा थांबला, नखानं थोडं खरवडलं. हे सगळं करताना तो मोबाइल घेतलेल्या नातीचं, पावसाचं, काहीबाही बोलतच होता. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

रहेमतुल्ला बघत राहिला. मग म्हणाला, "पाह्य, पाह्य. अंधारात काय दिसन? उजेडात नेऊन पाह्य."

गुलाबरावानं मान डोलावली, चष्मा सारखा केला आणि पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभा राहिला.