डाव्या चाकाचा घरजावई

मित्रांनो, मोटारीचे चाक तुम्ही रोज पाहता, पण त्याच्या मधोमध बसलेला लोखंडी हब सहसा कुणी पाहत नाही. तो जुना हब म्हणजे मी. चाक माझ्यावर बोल्टांनी आवळलेले असते. माझ्या पोटात दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामधून गाडीची पोलादी आस जाते. आस स्थिर राहते, मी फिरतो आणि माझ्याबरोबर चाक फिरते. हे काम नीट चालले, तर माझी आठवण कुणालाच येत नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून, मग लेथवर कातून मला आकार दिला गेला. एका ऐसपैस, चार दरवाजांच्या गाडीला मला बसवले. तिचा चालक मला वेळच्या वेळी उघडून जुने ग्रीस पुसायचा आणि नवे भरायचा. पुढे गाडी विकली गेली, मग पुन्हा विकली गेली. ग्रीस भरणे थांबले. शेवटी ती तळोज्याच्या एका भंगारवाल्याकडे आली आणि मी तिथे गंजत पडलो.

तिथून मला उचलले रिदाने. ती पनवेलची, एका कारखान्यात इंजिनिअर. तिचे वडील इलियास यांनी कुवेतची नोकरी सोडताना एक लाल, दोन आसनांची स्पोर्ट्स कार जहाजाने आणली होती. आता त्या गाडीच्या पुढच्या डाव्या हबला तडा गेला होता, आणि तसे हब बनणे कधीच बंद झाले होते.

रिदाने मला रॉकेलने धुतले आणि व्हर्निअरने मोजले. बोल्टांची भोके जुळली, ब्रेकची चकती जुळली. पंचाईत आत होती. त्या गाडीची आस बारीक आणि माझे पोट मोठे. आतल्या बाजूला दोघांनाही बसेल असे बेअरिंग तिने शोधून काढले. बाहेरच्या बाजूला मात्र तसे मिळेना. आसेला बसेल ते माझ्यात सैल पडायचे. ती फट भरायला पोलादाची एक कडी कातून घेणे हाच मार्ग उरला.

कडी आनंदाशेठनी कातली. विचुंब्याला त्यांचे लेथचे दुकान आहे. मला हातात फिरवून ते हसले.

"ताई, हा तुमच्या गाडीचा नाय. हा घरजावई हाय."

"मग सांभाळून घेऊ की, शेठ."

"घेवा. पन आमी सांगतो, घरजावयाला उगाच दाबायचा नाय नि मोकाट पन सोडायचा नाय."

कडी माझ्या पोटातल्या जागेपेक्षा केसभर मोठी होती. तशीच हवी होती. रिदाने ती घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि मला गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत, पाव काढून झाल्यावर उरलेल्या धगीत ठेवले. कडी आक्रसली, मी फुगलो.

"फ्रीजरमध्ये मी गोश्त ठेवू का लोखंड?" रिदाच्या आई कुबराअम्मींनी विचारले.

"अम्मी, थोडा वेळ फक्त."

"बापाने गाडी आणली, बेटीने भंगार आणलं. आता जावई तरी माणसातला आणा."

गार कडी गरम पोटात अलगद उतरली, आणि मी थंड झालो तशी घट्ट धरली गेली.

मग रिदाने मला आसेवर चढवले, बेअरिंग बसवले आणि चाक फिरवत नट आवळला. पुढे तिने जे केले ते नीट ऐका. तिने तोच नट किंचित मागे सोडला आणि तो फिरू नये म्हणून त्यात पिन घातली. तिचा धाकटा भाऊ अदीब याने चाक वरून-खालून धरून हलवले.

"आपा, हलतंय हे!"

"एवढं हलायलाच हवं. चालताना सगळं तापतं, फुगतं. ती जागा तेव्हा लागते."

अदीबचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी पेणला गाडीची तपासणी होती, आणि तिथले अधिकारी चाक हलवून बघतात हे त्याला ठाऊक होते. इलियासनी आधीच सांगून ठेवले होते, "पास झाली तर ठेवू. नाय झाली तर भंगारात. रिदा ती चालवते तवा मला झोप लागत नाय." अदीबला गाडी हवी होती. त्याहून जास्त त्याला बहीण सुखरूप हवी होती. सकाळच्या नमाजाहून परतल्यावर त्याने टोपी काढली, पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावला आणि माझ्यावरचा नट होता त्याच्याही पुढे आवळला. पिन परत घातली. चाक हलवून पाहिले. जराही हलेना. "अल्हमदुलिल्लाह," तो म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

रिदा चालवत होती, शेजारी इलियास, मागे स्कूटरवर अदीब. नवे बेअरिंग घातले की थोडे अंतर जाऊन थांबायचे आणि ताप पाहायला मुलाच्या कपाळाला लावतात तशी हाताची पाठ हबला लावायची, ही रिदाची रीत. पळस्प्याला थांबायचे तिने ठरवले होते. तिथवर बेअरिंगचे रोलर माझ्या पोटात घासू लागले होते. मी वाट पाहत होतो. पण पळस्प्याला कंटेनरची रांग लागलेली, आणि इलियास म्हणाले, "इथं नको बेटा, पेणचा नंबर जाईल." गाडी पुढे गेली.

ग्रीस पातळ होऊन ओघळू लागले. कर्नाळ्याचा चढ लागला. पुढे खिंड होती आणि खिंडीपलीकडे उतार. उतारावर बेअरिंग जखडले असते तर चाक राहिले असते की नाही, मला सांगता येत नाही.

"अब्बा, मी थांबते."

"आता कशाला? पेणला पोचल्यावर बघ ना."

"नाही अब्बा. इथेच."

तिने गाडी कडेला घेतली. उजव्या चाकाला हात लावला. कोमट. मग ती माझ्याकडे आली, आणि लावताक्षणी तिने हात मागे खेचला.

"अब्बा, उतरा. लगेच."

अदीबची स्कूटर येऊन थांबली. बहिणीच्या हाताच्या पाठीवरचा लाल डाग पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आपा, नट मी आवळला. पहाटे. चाक निघू नये म्हणून."

रिदाने बाटलीतले पाणी हातावर ओतले. इलियासनी आधी मुलाकडे पाहिले, मग खिंडीकडे.

"नंबर गेला तर परत मिळंल," ते म्हणाले. "ट्रक बोलव. गाडी घरी ने."

"आणि भंगार?"

"ते तुज्या हाताला विचार. तो असा वेळेवर थांबायला सांगतो तवर मी निवांत झोपंन."

घरी आल्यावर मला उघडले. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले होते. ते टाकून द्यावे लागले. कडी शाबूत होती आणि मीही. नवे बेअरिंग बसवताना रिदाने पाना अदीबच्या हातात दिला. त्याने नट आवळला, आणि सोडताना जेमतेम केसभर मागे घेतला.

"अजून सोड," रिदा म्हणाली. "अजून थोडा. बस."

पुढच्या तारखेला पेणच्या अधिकाऱ्याने चाक धरून हलवले. ते केसभर हलले. अधिकाऱ्याने चाक फिरवून कान लावला, मान डोलावली आणि दुसऱ्या चाकाकडे गेला.

आता प्रत्येक फेरीनंतर अदीब माझ्यावर हाताची पाठ ठेवतो. मित्रांनो, तुमच्याकडेही जुन्या वस्तू असतील, आणि ज्यांच्यासाठी जीव तुटतो अशी माणसेही असतील. भीती वाटली की हात आपोआप आवळतो. तेव्हा एकदा हाताची पाठ लावून पाहा, आणि फिरण्यापुरती जागा असू द्या.