श्वासाचा कौल

मलकापूरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या काचेला आमच्या माण तालुक्यातली तीसेक माणसं नाकं लावून उभी होती. आत बिरदेव पडला होता. मोटारसायकलवरून डोक्यावर आपटलेला, सहा दिवस बेशुद्ध, घशात नळी आणि नळी व्हेंटिलेटरला जोडलेली. उशाशी गुंडा देवरुषी. आत दोनच नातेवाईक सोडतात, म्हणून ही स्वारी सख्खा चुलता बनून घुसली होती.

आमच्याकडं मोठं काम काढायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं फूल पडलं की होकार. गुंडानं फुलांचा खटाटोपच ठेवला नाही. त्यानं बिरदेवालाच कौल लावला.

"बिरदेवा, देवाच्या थानावर यायचं का? यायचं आसंल तर स्वास घे," असं घुमत म्हणून त्यानं पोराच्या पोटावर तळहात दाबला आणि झटकन उचलला. छाती वर आली. बाहेर तीस जोड हात जोडले गेले.

"हितंच ऱ्हायचं का?" या खेपेला हात नुसता टेकवला. छाती हलली नाही, आणि ती हलायच्या आत गुंडानं निकाल देऊन टाकला. "न्हाई म्हणतोय. ह्यो डबा काढा म्हणतोय."

मी बिरदेवचा शाळेतला मास्तर. मला एवढंच कळत होतं की हा माणूस लबाड आहे. कसा, ते कळत नव्हतं, आणि त्याचीच चीड येत होती.

बिरदेवचे वडील कोंडीबा गुंडाला घेऊन बाहेर आले. हातात कागद होता, पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणून. "गुर्जी, कुठं सही करायची दावा. म्या डोळ्यांनी बघितलं. पोरगं बोललं."

"आवं, डॉक्टर काय म्हणाले ते तरी..."

"डाक्तर सा दिस झालं बघू म्हणतोय. गुंडाबापूनं एका घटकंत बोलतं केलं."

बिरदेवची बायको माया भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. गुंडाचा हिशोब मात्र चोख होता. बिरदेव जगला तर बुवाची करामत, वाटेत गेला तर दवाखान्यानं उशीर केला.

तेवढ्यात संयोगिता सिस्टर चाकांवरचं एक रिकामं व्हेंटिलेटर ढकलत आल्या. "काका, पाच मिनिटं थांबा. मग खुशाल सही करा." त्यांनी नळीच्या टोकाला एक रबरी फुगा लावला. मशीन तपासायला लावतात तो. बटण दाबलं तसा फुगा संथपणे फुगू लागला, बसू लागला.

"आता तुम्हीच कौल लावा. हाताच्या चिमटीत दाबायचा आणि झटकन सोडायचा."

कोंडीबा घुटमळले. मग खरंच भक्तिभावानं म्हणाले, "थानावर यायचं का?" दाबला, सोडला. फुगा लगेच टम्म फुगला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा फुगला.

"मशीन मिनिटाला चौदा श्वास देतं," सिस्टर म्हणाल्या. "मधेच पेशंटनं थोडी हवा ओढली तर जादा श्वास देतं. पोट दाबून सोडलं की हवा आपोआप ओढली जाते. मशीनला वाटतं, पेशंटनंच ओढली." मग गुंडाकडं वळून म्हणाल्या, "ही हातोटी घरबसल्या येत नाही. कुठल्या आयसीयूत होता तुम्ही?"

गुंडाचं तोंड उतरलं. सांगलीकडं एका दवाखान्यात तीन वर्षं वॉर्डबॉय होता, हे नंतर बाहेर पडलं. तरी गडी रेटून बोलला, "फुग्यात बी देव हाय."

"मग फुगाच न्या थानावर," मी म्हणालो. "उचलू लागतो मी."

माया पुढं आली. "मामंजी, सरा जरा." तिनं फुगा हातात धरला. "ह्या गुंडानं आमाला फशिवलं का?" दाबला, सोडला. फुगा टम्म. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. कोंडीबा तेवढे हसले नाहीत.

"शिस्टर, पोरगं जगंल का?"

"ते मला सांगता येत नाही. मेंदूला सूज आहे, स्वतःचा श्वास त्याला पुरत नाही. श्वास कमी पडला की सूज आणखी वाढते. मशीन काढलं तर गावाच्या वाटेवर दहिवडीपर्यंतसुद्धा पोचणार नाही, एवढं मात्र सांगते."

कोंडीबांनी कागद फाडला. "पोरगं बोलत न्हवतं, गुर्जी. आन् म्या त्येला सही करून मारणार हुतो."

गुंडा जिन्यानं कधी उतरला, कोणी पाहिलं नाही. आज नववा दिवस आहे. बिरदेव अजून मशीनवर आहे, आणि तो उठेलच असं मी म्हणणार नाही. नाही तर माझ्यात आणि गुंडात फरक काय राहिला? पण मायबाप हो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तोच प्रकार रबराच्या फुग्यावर करून बघा. जमला, तर घरच्या माणसाचा जीव त्या बुवाच्या हाती देऊ नका.