माळावरचा होकार-नकार

"तेल न्हाय, वात न्हाय, तार न्हाय! हितं इजेचा खांब तरी हाय का? ही आईच्या अंगातली ऊर्जा! डायरेक ब्रह्मांडातनं!"

नागोजीबुवा ओरडला आणि कोगनोळीजवळच्या त्या उघड्या माळावर देवीच्या घुमटीत दिवा आपसूक लागला. भुरभुर पावसात अख्खं गाव हात जोडून उभं. माझे हात खिशात होते. मी निपाणीत विज्ञान शिकवतो. आपसूक काही व्हायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडं देवाला कौल लावतात. फूल उजवीकडं पडलं की होकार, डावीकडं पडलं की नकार. बुवानं फुलांना सुट्टी दिली होती. नारळ ठेवून विचारायचं; दिवा ठळक राहिला तर होकार, मिणमिणला तर नकार.

माझ्या मालूमावशीला साखरेचा आजार. पायाचा अंगठा काळा पडलेला. बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बोट आत्ता काढा, नाहीतर पाय काढावा लागेल. मावशी कौलाशिवाय हलेना, आणि दिवा होकार देईना.

"मावशे, पाय सडतोय गं!"

"आई नको म्हणती, विक्रम. आईपरास डाक्टर मोठा व्हय रं?"

मला संशय होताच. उन्हाळ्यात ह्याच दिव्यानं सगळ्यांना होकार दिलेला. सौरवच्या लग्नाला हो, जिनाप्पाअण्णांच्या बोअरला हो. (बोअर कोरडी गेली, ते सोडा!) पाऊस लागला तसा सरसकट नकार. बुवाला विचारलं तर म्हणतो कसा, "आषाढात आई झोपंत असती, मास्तर. झोपंत कोण हो म्हणतंय?"

देवी काय उन्हावर चालते?

दुसऱ्या दिवशी भरदुपारी माळावर गेलो. बुवा घोरत होता. घुमटीमागं कुंपणात पाऊस मोजायचं सरकारी यंत्र आहे. खांबावर उन्हावर वीज करणारा सोलरचा पत्रा, खाली पेटीत बॅटरी. सरकारी वस्तू म्हणून तिकडं कोणी ढुंकून बघत नाही. पेटीच्या बुडातून एक जादा तार निघून फरशीखालून घुमटीत गेली होती! यंत्राला वीज लागते चिमूटभर. ऊन नसलं तरी बॅटरी त्याला बरेच दिवस पुरते. पण तिच्यावर रोज दिवा जाळला आणि वर आभाळ झाकलेलं, मग ती बसणार नाही तर काय? म्हणजे मावशीच्या पायाचा निकाल ढग लावत होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

संध्याकाळी मी त्याच फरशीपाशी घोंगडं पांघरून बसलो. मांडीवर दुकानातून आणलेली भरलेली बॅटरी. मावशीनं नारळ ठेवला. दिवा मिणमिणला.

बुवानं डोळे मिटले. "न्हाय म्हणती आई..."

मी फरशीच्या फटीतला तारेचा जोड चाचपला, पेटीकडची तार सोडवली आणि माझी जोडली. दिवा लख्ख पेटला! बुवाचा आ वासलेलाच राहिला.

"हो म्हणाली! आई हो म्हणाली!" लोक ओरडले. मावशी रडायलाच लागली. मावशीचे यजमान मष्णूकाका म्हणाले, "जिनाप्पाअण्णा, जीप काढा, बेळगावला जाऊया!"

गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पण पुढच्या दुखण्याला मावशी परत इथंच आली असती. आणि तिच्यामागं गावातली त्रिशला कौलासाठी उभी होती, तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन. मी घोंगडं फेकलं.

"मावशे, आईनं न्हाय, मी हो म्हटलं." तार सोडली, दिवा गेला. जोडली, आला. "बोला, कुणाला काय कौल पाहिजे?"

"पाखंडी! आईचा कोप..." बुवा किंचाळला.

जिनाप्पाअण्णांनी फरशी उचलली आणि तार ओढत थेट सरकारी पेटीपर्यंत गेले. "नागोजी, तार न्हाय म्हणालतास न्हवं? मग हे काय तुझं जानवं व्हय रं?"

बुवानं चपला शोधायला सुरुवात केली.

मावशी मात्र बसूनच होती. आता ही हटून बसली तर पाय गेला.

"म्हंजे आई कायबी बोललीच न्हाय?"

"न्हाय, मावशे."

"आन मी इतकं दिस कुजत बसले." तिनं काकांपुढं हात केला. "उठवा मला. पाय माझा हाय, मीच ठरवणार."

त्रिशला लेकरासकट जीपमध्ये आधीच चढली होती.

मावशीचा पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर नुसत्या अंगठ्यावर भागलं असतं. तीन बोटं गेली. वाचकहो, देवाला हात जरूर जोडा, पण दुखणं डॉक्टरला दाखवा. आणि कुणी छातीठोकपणे "तार न्हाय" म्हणालं, तर भीड न धरता फरशी उचलून बघा.