गप्प राहायला शिकवलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलाखाली, माणसांचे पाय असतात त्या उंचीवर, माझे सारे आयुष्य गेले. त्यामुळे माणसे मला आधी त्यांच्या चपलांवरून कळली आणि चेहऱ्यांवरून फार उशिरा. आता माझ्या पाठीवर एक नवाकोरा संगणक बसवला आहे. मी त्याचा पाट झालो आहे. तो काम करतो आणि मी त्याला उंची देतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने मदरबोर्डची पाटी बसवली, दुसऱ्याने पंखा लावला, तिसऱ्याने झाकण आवळले. माझी आई कोण, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. जितके स्क्रू तितक्या आया.

तिथून मी लोखंडी जिने बनवणाऱ्या एका कारखान्यात आलो. मागच्या बाजूला पत्रा कापायचे आणि जोडायचे काम चालायचे, पुढच्या खोलीत जिन्यांचे आराखडे निघायचे. मी पुढच्या खोलीतला. तरी लोखंडाची बारीक धूळ माझ्या पोटापर्यंत यायचीच.

आराखडे काढणाऱ्या बाईंना सगळे पट्टीताई म्हणत. रेघा पडद्यावर ओढायच्या असल्या तरी ताईंच्या पिशवीत स्टीलची पट्टी कायम असे. कुठेही गेल्या तरी त्या आधी तिथल्या जिन्याची पायरी मोजत. नव्या कामगाराला त्या सांगत, "पायरी अर्ध्या बोटानं चुकली तर माणूस पडतो. आणि पडल्यावर जिन्याला बोल लावत नाही, स्वतःलाच वेंधळा म्हणतो. म्हणून आपण चुकायचं नाही."

ते दिवस फार चांगले होते. सकाळी ताई आल्या की माझ्या टपावर डबा ठेवत, म्हणजे दुपारपर्यंत तो कोमट राही. मालक गिऱ्हाइकांना घेऊन आमच्या टेबलाशी यायचे आणि म्हणायचे, "हे आमचं रत्न." ताईंना वाटे ते त्यांना म्हणाले, मला वाटे मला म्हणाले. आम्ही दोघेही खूश.

माझी निगा राखायचा तो तारभाऊ. कारखान्यातल्या सगळ्या तारा आणि सगळे संगणक त्याच्याकडे. तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसायचा, झाकण उघडायचा आणि मऊ ब्रशने धूळ काढायचा. धूळ नाकात गेली की शिंकायचा आणि म्हणायचा, "काय रे बाबा, अख्खा जिना गिळलास की काय?" त्याचा हात हलका होता. माझ्या पोटात हात घालू द्यावा असा तो एकच माणूस, असे मी समजत होतो.

मग ताईंचे वडील न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचे हाड मोडले. घरात बापलेक दोघेच. त्यांना एकटे सोडून ताईंना कामावर येणे शक्य नव्हते, आणि काम सोडले तर दोघांनी खायचे काय? ताई राजीनामा लिहून घेऊन आल्या. मालकांनी तो घेतला नाही. त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावले आणि सर्वांदेखत जाहीर केले की ताई घरून काम करतील. आराखडा वेळेत आला पाहिजे, एवढीच अट. तो वेळेत येतो आहे तोवर त्यांची जागा कुणी हलवणार नाही. जोडकाम करणाऱ्यांनी हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या.

पण आराखडे काढायचा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, फक्त माझ्यावरच चाले. म्हणून ताईंच्या घरापासून माझ्यापर्यंत रस्ता बांधायचे काम तारभाऊकडे आले. मित्रांनो, हा रस्ता म्हणजे असा: ताई घरी आपल्या छोट्या संगणकासमोर बसत आणि तिथे त्यांना माझा पडदा दिसे. त्यांनी तिथे हात हलवला की इथे माझा बाण हले. वाटेत दोन दारवान होते. एक कार्यालयाच्या तोंडाशी, जिथून सगळ्या तारा आत येतात तिथे. दुसरा माझ्या स्वतःच्या पोटात. त्याला फायरवॉल म्हणतात. कोण आला, कुठून आला, कशाला आला हे त्याने पाहायचे आणि सोडायचे किंवा अडवायचे.

तारभाऊने दोन्ही दारवानांना ताईंची ओळख करून दिली. वडिलांना पुन्हा इस्पितळात न्यावे लागले तर तिथूनही काम करता यावे, म्हणून परवलीचा शब्द बरोबर असला की कुठूनही आत घ्या, असे त्याने सांगितले. शिवाय ताईंना त्यांच्या घरच्या इंटरनेटसाठी एक कायमचा पत्ता घ्यायला लावला. कधी बिघाड झाला तर तो नेमका कुठे आहे, हे त्या पत्त्यावरून चटकन कळेल, असे त्याचे म्हणणे. ताईंनी त्याचे किती आभार मानले. "सख्खा भाऊ असता तर त्यानंही एवढं केलं नसतं," असे म्हणाल्या. तो लाजला होता. मी पाहिले आहे.

काम सुरळीत सुरू झाले. रोज सकाळी ताईंची हाक यायची, मी ओ द्यायचो. जोडणी लागली की त्यांच्या घरातला आवाजही माझ्यापर्यंत पोचायचा. वडील मला डबा म्हणायचे. खाटेवरून विचारायचे, "आला का तुझा डबा? माझा नमस्कार सांग त्याला. तो रुसला तर आपली चूल रुसेल."

पुढे कारखान्यातले आणखी काही जण मालकांकडे घरून काम मागू लागले. कुणाचे मूल लहान, कुणाची सासू आजारी. मालकांना आपला शब्द आता बोचू लागला. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना ते ताईंच्या खुर्चीत येऊन बसले. तारभाऊ समोर उभा होता.

"सगळ्यांसमोर बोलून बसलोय, मागं घेता येत नाही," मालक म्हणाले. "पण त्या शाळेच्या जिन्याचा आराखडा वेळेत आला नाही, तर शब्द आपोआप सुटला."

तारभाऊने हातातली तार गुंडाळायला घेतली.

"लाईनचं काय, तिला काहीही होऊ शकतं. हो की नाही?" असे म्हणून मालक उठले आणि जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

तारभाऊ माझ्यासमोर बसला. मग त्याने माझ्या दारवानाला एक नवा हुकूम लिहिला. ताईंचा जो कायमचा पत्ता त्यानेच घ्यायला लावला होता, तोच त्यात घातला. या पत्त्यावरून कुणी आले तर आत घ्यायचे नाही.

मित्रांनो, दारवान दोन प्रकारे अडवू शकतो. एक, 'नाही' असे उलट उत्तर पाठवायचे. मग येणाऱ्याला निदान कळते की दाराशी कुणीतरी आहे आणि ते मुद्दाम उघडत नाही. दुसरा प्रकार, काही बोलायचेच नाही. आलेली हाक गिळून टाकायची. मग बाहेरच्याला वाटते, तार तुटली असेल, यंत्र बंद पडले असेल, आपलेच काही चुकले असेल. तारभाऊने दुसरा प्रकार निवडला. मला त्याने गप्प राहायला शिकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची हाक आली. ती मला ऐकू आली आणि माझ्याच पोटात विरली. पुन्हा आली. पुन्हा विरली. मी चालू होतो, माझा पंखा फिरत होता, शाळेचा जिना माझ्यात अर्धा काढून पडला होता, आणि मला 'ओ' म्हणता येत नव्हते.

ताईंनी तारभाऊला फोन केला. तो माझ्याच शेजारी बसून बोलत होता. त्याने त्यांना घरचा इंटरनेटचा डबा बंद करून चालू करायला सांगितला. नाही लागले. मग तार बदलायला सांगितली, मग जोडणीचा कार्यक्रम काढून पुन्हा घालायला. एकदा म्हणाला, तुमच्या संगणकातला दारवान अडवत असेल, तो जरा उतरवून बघा. त्याच्या शब्दावर ताईंनी आपल्या घरचे दारही उघडे टाकले. इंटरनेटवाल्या कंपनीशी भांडल्या. कंपनीचा माणूस घरी येऊन सगळे तपासून गेला आणि आमच्याकडे काही दोष नाही म्हणाला, तर ताईंना वाटले तो टाळाटाळ करतो आहे. ज्याने दार लावले तोच त्यांना अंगणात किल्ली शोधायला लावत होता, आणि त्या बिचाऱ्या शोधत होत्या.

शेवटी तारभाऊने माझ्याकडे न बघता सांगितले, "ताई, मला वाटतं हा म्हाताराच गेलाय कामातून."

ताईंचा आवाज फोनमधून आला. "इतकी वर्षं साथ दिली आणि नेमका आत्ताच दगा दिला की रे यानं."

तो शब्द माझ्या वर्मी लागला. दगा तर झालाच होता. पण तो देणारा त्यांच्याशी फोनवर गोड बोलत होता.

शाळेच्या जिन्याचा पत्रा कापायला घ्यायचा दिवस जवळ आला. आणि तेव्हाच ताईंच्या गल्लीत रस्ता खणणाऱ्यांनी इंटरनेटची तार तोडली. घरची लाईन पार मेली. ताईंनी हार मानली आणि मालकांना तसे कळवायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी आपला संगणक फोनच्या इंटरनेटला जोडला. पण सवयीने हात आधी पडद्यावरच्या माझ्या खुणेवर गेला.

हाक आली. दारवानाने पाहिले, पत्ता अनोळखी, मनाई असलेला नाही. परवलीचा शब्द बरोबर. त्याने दार उघडले.

पलीकडे वडिलांचा आवाज ऐकू आला. "अगं, धडधाकट तारेवरून लागत नव्हतं, ते तार तुटल्यावर लागलं? मग तारेत काही नव्हतंच की."

ताईंना माझा पडदा दिसत होता. आणि पडद्यावर बाण आपोआप हलत होता. त्या वेळी तारभाऊ माझ्यासमोर बसून ताईंचे आराखडे दुसऱ्या संगणकावर उतरवून घेत होता. बाहेरच्या एका माणसाकडून शाळेचा जिना पुरा करून घ्यायचे मालकांनी ठरवले होते. बाण अचानक त्याच्या हाताचे ऐकेना. त्याने हात उचलला. तरी बाण चालतच राहिला. ताईंनी एक कोरे पान उघडले.

"भाऊ, माझ्या टेबलावर काय करतोयस?" पानावर अक्षरे उमटली.

"लागलं का ताई? बरं झालं. मी तेच दुरुस्त करत होतो," त्याने लिहिले.

"मी फोनवरून आलेय. फोनच्या इंटरनेटवरून लागतं, घरच्या लाईनवरूनच तेवढं लागत नव्हतं. माझ्या घरानं तुझं काय वाईट केलं?"

पानावरची उभी रेघ लुकलुकत राहिली. तारभाऊने एक वाक्य लिहिले आणि पुसले. दुसरे लिहिले, तेही पुसले. त्यातल्या एकात 'माफ' हा शब्द होता. फोनची लाईन मंद, पडदा तिकडे पोचण्याआधीच तो पुसला गेला; ताईंना दिसला नाही. मीच तेवढा त्याला साक्षी आहे.

शेवटी त्याने लिहिले, "मालकांनी सांगितलं."

"आणि रोज मला तार बदलायला लावायचास, तेही त्यांनीच सांगितलं?"

"मलाही घर आहे, ताई."

"मग बाजूला हो. मला जिना पुरा करायचाय."

तो उठून गेला. ताईंनी फोनच्या तुटपुंज्या लाईनवर, बाण अडखळत असताना, एकेक पायरी बसवली. त्या एक रेघ ओढत आणि ती मला पोचायची वाट पाहत. आराखडा वेळेत मागच्या खोलीत गेला आणि पत्रा कापला जाऊ लागला.

त्यानंतर वडिलांना शेजारणीच्या हवाली करून ताई स्वतः कारखान्यात आल्या. मला वाटले, आता खरे काय ते बाहेर येणार. मालक केबिनमधून बाहेर आले. सगळे काम थांबवून पाहत होते. मालकांनी तारभाऊला मोठ्याने विचारले, "शेवटी बिघाड काय निघाला?"

"यंत्र जुनं झालंय, साहेब. त्याच्यातच दोष होता," तारभाऊ चपलांकडे बघत म्हणाला.

मालक ताईंकडे वळले. "ताई, तुम्हाला काय वाटतं? नवं घेऊ या का? नवं आलं की घरून अगदी बिनघोर करा काम."

मित्रांनो, त्या प्रश्नात काय होते ते तिथल्या तिघांनाही कळले, आणि मलाही. ताई खरे बोलल्या असत्या तर सर्वांदेखत मालकांचे तोंड काळे झाले असते, आणि ताईंना त्याच पावली घरी जावे लागले असते. खाटेवर वडील होते. ताईंनी माझ्या टपावर हात ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "हल्ली तो उत्तरच देत नाही."

कुणी हसले नाही. तारभाऊने माझी तार काढली.

माझे पोट रिकामे करण्यात आले, आणि नव्या संगणकाला वारा लागावा म्हणून मला त्याच्याखाली सरकवले. ताईंची जागा राहिली, वडील आता काठीने चालतात असे मी ऐकतो. ते बरेच झाले. ताईंवर मी रागावलो आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. तारभाऊ अजून येतो, नव्याची धूळ काढतो, माझी काढत नाही. गुडघे टेकले की मी त्याच्या डोळ्यांसमोर येतो, म्हणून हल्ली तो उभ्यानेच वाकतो.

तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला वारा लागू द्या. ते बंद पडले तर आधी पाहा, खरेच ते बिघडले आहे की कुणीतरी त्याला गप्प बसवले आहे. आणि मोठे झाल्यावर कधी तुम्हाला कुणाला दार बंद करायचेच असेल, तर उंबऱ्यात उभे राहा, त्याच्या डोळ्यांत पाहा आणि 'नाही' म्हणा. तेवढी हिंमत नसेल तर दार उघडे राहू द्या. आम्हा मुक्यांना मध्ये घालू नका.