उजव्या अंगाची लांबी

मला जुन्या गाड्यांचं काडीचं कौतुक नाही. गंगापूर रोडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सासऱ्यांची फियाट ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी होती. तिच्याकडे बघून मला एवढंच वाटायचं, की ही हलली तर माझी स्कूटर सावलीत लागेल. पण मागच्या वर्षी सासरे, म्हणजे अण्णा, गेले, गाडी माझ्या यजमानांच्या, ढुंढिराजांच्या वाट्याला आली, आणि ती दुरुस्त करायची असा हट्ट मीच धरला. गाडीसाठी नाही. या माणसानं एकदा तरी तिच्या स्टेअरिंगवर बसावं म्हणून.

त्याचं असं झालं होतं, की कॉलेजात असताना ढुंढिराज अण्णांकडून गाडी शिकत होते. घोटीच्या अलीकडे समोरून बैलगाडी आली, यांनी घाबरून गाडी डावीकडे घेतली आणि मैलाच्या दगडावर घातली. अण्णा वकील. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. खाली उतरले, मडगार्ड बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला स्टेअरिंग नाही." संपलं. त्यानंतर यांनी कुठल्याच गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला नाही. मोजणी खात्यात नोकरी केली, जिल्हाभर लोकांचे बांध मोजले, पण सगळं एसटीनं, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून. लग्नानंतर माझ्या मागे.

बरं, अण्णांनी तरी विसरावं की नाही? घरी पाहुणा आला, की चहाबरोबर हा किस्सा यायचाच. "एवढी वर्षं गाडी चालवतोय, कुठे टेकली म्हणून नाही. एकदाच लागली, ती आमच्या चिरंजीवांच्या कृपेनं." पाहुणे हसायचे. हेही हसायचे. मला मात्र सासऱ्यांच्या चहात मीठ घालावंसं वाटायचं.

गाडी सहादूकडे टाकली. त्याचं गॅरेज निफाडच्या रस्त्याला. आवाज असा, की साधं बोलला तरी भांडतोय असं वाटावं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "आधी सगळा रंग उतरवायचा. पार पत्र्यापर्यंत जायचं. वरून चकाचक दिसती, पन खाली काय हाय ते आत्ताच सांगता यायचं नाय. पत्रा चांगला निघाला तर करू. सडला आसंल तर गुमान भंगारात घाला."

ढुंढिराजांनी निकालाच्या दिवशी मुलं मान हलवतात तशी मान हलवली.

पहिले काही दिवस ते रोज तिथे जाऊन बसले. सहादूची माणसं ब्रशनं रिमूव्हर फासायची, थोड्या वेळानं रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडायच्या, मग पात्यानं खरवडलं की पट्ट्याच्या पट्ट्या गळून पडायच्या. पांढऱ्याखालून आकाशी निघाला, आकाशीखालून मूळचा सायीरंग. अण्णांना रंगाची हौसच होती. मधूनच गाडी 'सर्व्हिसिंगला' जायची आणि नवा रंग लावून यायची. मग घरात पेढे. हे सगळं ढुंढिराज घरी येऊन मला कौतुकानं सांगत. पण काम डाव्या मडगार्डपाशी आलं, तसं त्यांचं जाणं थांबलं. म्हणे, वासानं डोळे चुरचुरतात. डोळ्यांचं नुसतं निमित्त. ते मडगार्ड उघडं पडलेलं त्यांना बघायचं नव्हतं, दुसरं काय.

मग एका सकाळी सहादूचा फोन आला. त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"साहेब, डाव्या बाजूचं काय टेन्शन नाय. पन उजव्या अंगाला लांबी लय हाय. पार मागच्या दारापर्यंत. येऊन बघून जा."

ढुंढिराजांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक.

"गाडी वाकडी झालीय, लतिका. दगडाच्या धक्क्यानं डावी बाजू दबली. म्हणून उजवी लांब भरतेय. म्हणजे एवढी वर्षं अण्णा वाकडी गाडी चालवत होते, माझ्यामुळे."

लांबी म्हणजे लांबी. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? गाडी वाकडी असेल तर ती भंगारातच जाणार, आणि हे आता जन्मात स्टेअरिंगवर बसणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं. हे म्हणाले, "सहादूला सांगून टाकू, भंगारात घाल म्हणावं. पण आधी मी स्वतः मोजतो." आणि कपाटातून नोकरीतला स्टीलचा टेप काढला. मोजणी खात्यातला माणूस, दुःखसुद्धा मोजून घेणार!

स्कूटरवर माझ्या मागे ते टेप छातीशी धरून बसले.

गाडी गॅरेजच्या अंगणात उघडीबोडकी उभी होती. आतल्या सीटही काढलेल्या. ढुंढिराज टेप घेऊन थेट खाली बसले. डावी बाजू मोजली. उजवी मोजली. परत डावी मोजली.

"काय मोजताय साहेब?" सहादूनं विचारलं.

"लांबी. दोन्हीकडे सारखीच भरतेय."

सहादू त्यांच्याकडे बघतच राहिला. मग एवढ्या जोरात हसला, की आतली माणसं बाहेर आली. "आवो साहेब, ती लांबी टेपनं कुठं मोजत्यात?" त्यानं जमिनीवरून एक करडा पोपडा उचलून यांच्या हातात ठेवला. "ही लांबी. पत्र्याला पोचे पडले का ते बुजवायला भरत्यात ती. बोटभर जाड निघाली. लोहचुंबक लावला तर चिकटंना. खाली बघा की, पत्रा कसा ठोकलाय."

बघितलं. मागच्या दारावर, पुढच्या दारावर, खाली पायरीजवळ, जागोजागी हातोडीच्या खुणा आणि त्यात धरलेला गंज. "एका वेळचं काम नाय हे," सहादू म्हणाला. "थोडी आकाशी रंगाखाली व्हती, थोडी पांढऱ्याखाली. ज्यानं चालवली त्यानं दर टायमाला ठोकली, लांबी भरली आन् वरून नवा रंग मारला. डाव्या मडगार्डाला तर काय नाय. एवढासा पोचा. दोन ठोक्यात निघंल."

ढुंढिराज आकाशी, मग पांढरा असं काहीतरी पुटपुटले. हिशेब त्यांच्या लक्षात आला होता. माझ्याही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलले. "पेढे खाल्ले हो आपण! स्वतः ठोकायची, गुपचूप रंगवायची, आणि पाहुण्यांसमोर नाव चिरंजीवांचं! कमाल आहे त्या माणसाची!" अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

"पुरे, लतिका," ढुंढिराज म्हणाले. बराच वेळ त्या दारावरून हात फिरवत राहिले. "कुणाला सांगताच आलं नसेल गं त्यांना. किती रंगवत बसले बिचारे." मला राग येतो तिथे यांना दया येते. हा आमच्यातला जुना फरक, आणि तो मला नेहमीच आवडतो असंही नाही.

"पत्रा मजबूत हाय, गाडी नव्यासारखी व्हतीया का नाय बघा," सहादू म्हणाला. "पन आता उघडा ठेवला तर परत गंज धरंल. आत शेडमदी घेऊन आजच प्रायमर मारतो. चला रे, ढकला. साहेब, तुम्ही बसा आत, स्टेअरिंग धरा."

"मी?"

"मंग कोन? बाकी समदी ढकलनार हायेत."

सहादूला काय माहीत असणार? त्यानं रंगाचा रिकामा डबा आत उपडा टाकला. ढुंढिराजांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम पदर खोचून मागे डिकीला हात लावला. ते आत गेले, डब्यावर बसले, आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं.

आम्ही ढकललं. शेडचं तोंड अरुंद. गाडी हळूहळू वळली, थोडी जास्तच वळली, आणि लोखंडी खांबाला घासून कर्रकन आवाज झाला. सगळे थांबले. दार उघडून ढुंढिराज उतरले. आता हा माणूस उतरला तो कायमचा, असंच वाटलं मला.

ते वाकले. कोऱ्या पत्र्यावर उमटलेला ओरखडा त्यांनी बोट फिरवून बघितला.

"तो खांबच आडवा हाय, साहेब," सहादू घाईनं म्हणाला.

"खांब त्याच्या जागेवरच आहे. माझ्या हातून लागली," ढुंढिराज म्हणाले. मोठ्यानं, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं. मग परत आत जाऊन डब्यावर बसले आणि खिडकीतून मान बाहेर काढली. "थोडी मागे घ्या. सरळ करतो मी."

आम्ही मागे घेतली. मी डिकीला धरून खेचत होते, त्यामुळे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.