कुणीच न मागितलेला नकाशा

नकाशेमास्तरांना घरात बायकोशी दोन वाक्यं बोलायची झाली, तर ती निदान तीन माणसांच्या देखत बोलावी लागत. घरात आई होती, मावशी होती, धाकटा भाऊ आणि त्याचं बिऱ्हाड होतं, आणि भिंती इतक्या पातळ की न्हाणीघरात शिंक आली तरी स्वयंपाकघरातून औषध सुचवलं जाई. माणसं सगळी जिवाला जीव देणारी. फक्त बाजूला होणारी नव्हती, एवढंच.

बायको शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीत होडी वल्हवायची. तिला नऊ तासांवरच्या एका गावातून बोलावणं आलं होतं. तिथे नव्या वल्हवण शाळेची प्रमुख व्हायचं होतं, पुरी दोन वर्षं, आणि उत्तर दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत हवं होतं. तिने ही बातमी जेवताना सांगितली. आईने मत दिलं, मावशीने मत दिलं, भावाने तर दोन मतं दिली. मास्तर म्हणाले, "मीठ दे जरा."

त्या मिठावरून ते दहा दिवस स्वतःवर चडफडत होते. त्यांना म्हणायचं होतं, 'जाऊ नकोस.' दोन शब्द! पण ते मावशीसमोर कसे म्हणायचे? त्यासाठी चिटपाखरू नसलेली जागा हवी होती.

"थंडीचं नदीवर जाऊ," ते शेवटी म्हणाले. "तंबू, होडी आणि आपण दोघं."

"अहो, तुमची एकांताची जागा म्हणजे जत्रा असते," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी भांडी घासायला आपला पाचवा नंबर होता."

"या वेळी माणूस दिसला तर मी मिशा उतरवीन."

हे बोलायला त्यांच्याकडे आधार होता. बाकीचे लोक जागा शोधताना दहा जणांना विचारतात आणि मग तेच दहा जण तिथे भेटतात. मास्तर नकाशा कचेरीत भांडारप्रमुख होते. त्यांनी सरळ मागणीची वही उघडली. कुठला नकाशा कुणी कधी मागितला, सगळं त्यात होतं. जिथे कुणी जात नाही, तिथला नकाशा कुणी कशाला मागेल? दोन दुपारी बोट फिरवल्यावर सापडला, नकाशा नंबर अठ्ठेचाळीस. नऊ वर्षांत एकही मागणी नाही. नदीचं मोठं वळण, दोन्ही काठांना जंगल, आणि वस्तीची एक खूण नाही. मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या. त्यांनी लगेच रजेचा अर्ज खरडला. कारण लिहिलं, 'अक्कलदाढ काढणे'.

शनिवारी सकाळी पुलाखालून त्यांनी होडी पाण्यात लोटली. काठाच्या गवतावर हिम साचलं होतं आणि श्वासाची वाफ मफलरमध्ये अडकत होती. बायको मागे बसून दिशा सांभाळत होती, मास्तर पुढे बसून पाणी उडवत होते. तीन तासांत एक माणूस दिसला नाही. मास्तर वाक्य मनात घोळवत होते आणि अधूनमधून मिशांवरून हात फिरवत होते.

वळण आलं आणि धूर दिसला.

मग तंबू दिसले. एक, दोन, तीन. पहिल्या तंबूसमोर लोकरी टोपी घालून कचेरीचे साहेब चहा उकळत होते. साहेब गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. त्याच गुडघ्यावर टेकून ते चूल फुंकत होते. पलीकडे रेघवाले काका, म्हणजे कचेरीतले जुने नकाशा आरेखक, मासे धरायचा गळ टाकून बसले होते. त्यांच्या अर्जात भाचीचं लग्न होतं. तिसऱ्या तंबूतून टपाल विभागाच्या बाई डोकावल्या. त्या कागदोपत्री तापाने फणफणल्या होत्या.

अठ्ठेचाळीस नंबरचा खण उघडताना धुळीत आधीच बोटांचे ठसे होते, हे मास्तरांना आत्ता आठवलं. अख्ख्या कचेरीने तीच वही उघडली होती, तीच अक्कल चालवली होती, आणि मग सही न करता नकाशा घरी नेऊन परत ठेवला होता.

कुणी कुणाला नमस्कार केला नाही. करणार कसा? साहेबांनी मास्तरांच्या गालाकडे पाहिलं, मास्तरांनी साहेबांच्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही माना वळवल्या. सगळे एकमेकांना झाडं समजून वागू लागले. बायकोला हसू अनावर झालं. ती वल्हं मांडीवर टाकून पोट धरून हसली, आणि मास्तर तिला तसं हसताना पाहत राहिले. हे हसू दोन वर्षं घरात नसणार होतं.

"परत फिरायचं का?" तिने डोळे पुसत विचारलं.

"जाऊ नकोस," मास्तर म्हणाले.

ते नदीकडे तोंड करून बोलले होते, पण थंड पाण्यावरून आवाज काठापर्यंत स्पष्ट गेला. काकांचा गळ हलायचा थांबला.

"काय म्हणालात? इकडे बघून बोला."

मास्तर वळले. अरुंद होडीत असं वळायचं नसतं, हे तिने त्यांना वीस वर्षांत शंभर वेळा सांगितलं होतं. होडी कलंडली आणि दोघंही कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहिली. त्याबरोबर सगळी झाडं धावली. साहेब शस्त्रक्रियेच्या गुडघ्याने पाण्यात उतरले, ताप आलेल्या बाईंनी दोघांना ओढून काढलं, काकांनी होडी धरली. पाच मिनिटांत नवराबायको एकाच घोंगडीत चुलीपाशी कुडकुडत होती आणि कचेरी भोवती बसली होती.

"मी मंगळवारीच होकार कळवलाय," बायको म्हणाली.

मास्तरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"दहा दिवस वाट पाहिली तुमची," ती म्हणाली. "भांडा, अडवा, काहीतरी बोला. तुम्ही मीठ मागितलंत. वाटलं, या माणसाला फरकच पडत नाही."

"पडतो," मास्तर म्हणाले. "फार पडतो गं."

साहेब उठायला लागले, बाईंनीही पदर सावरला. मास्तरांनी हात करून त्यांना बसवलं. आता कोण ऐकतंय याची त्यांना फिकीर उरली नव्हती.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"जा. तुला ते मिळायलाच हवं. पण तू नसलीस की संध्याकाळी आपल्या खोलीचं दार उघडताना मला कसं वाटेल, ते ऐकून जा."

"सांगा," ती म्हणाली आणि घोंगडी दोघांभोवती नीट ओढून घेतली.

मास्तर सांगायला लागले. वीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काही दोन शब्दांत उरकणारं नव्हतं.